रॅमचे भाव: गोंदिया जिल्ह्यासाठी प्राथमिक पुस्तिका

पात्रता

या अभ्यासक्रमाला संगणकाचे ज्ञान लागत नाही. उमेदवाराने आधारभूत खरेदी केंद्राबाहेर धानाच्या पोत्यांशेजारी निदान एक रात्र काढलेली असावी, किंवा तशी रात्र काढलेल्या माणसाच्या घरचा असावा, एवढे पुरे. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर म्हणून माल का परत आला, चुकारा का रखडला, बोनस जाहीर होणे आणि खात्यात पडणे यांत किती अंतर असते, हे ज्याला कळते त्याला जगातल्या मेमरी चिपच्या बाजारात नवे शिकण्यासारखे फार थोडे आहे.

अडचण वेगळीच आहे. व्यापाऱ्याने मुठीत धान घेऊन तोंड वाकडे केले की आज भाव पाडायचा बेत आहे, हे जो दहा हातांवरून ओळखतो, तोच माणूस पोरीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप घ्यायला दुकानात शिरला की एकदम भाविक होतो. दुकानदार म्हणतो, "काकाजी, ऊपर से ही रेट बढ़ गया," आणि हा छताकडे बघतो.

सदर पुस्तिका त्या 'ऊपर'चा पत्ता देण्यासाठी आहे.

पाठ पहिला: माप

रुपयांत विचार करणे थांबवा. रुपयाचे मोल रोज बदलते, शिवाय दुकानात सगळे आकडे नऊशे नव्व्याण्णवावर संपतात, त्यामुळे डोके चालत नाही. क्विंटलमध्ये विचार करा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये. म्हणजे पन्नास हजारांचा लॅपटॉप हा सुमारे २१ क्विंटलांचा झाला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुकानात जाताना वही सोबत न्या, म्हणजे मांडीवर घेऊन वापरायचे हे यंत्र किती बैलगाड्या धान खाते, याची आठवण राहील.

आदल्या वर्षी हाच हमीभाव २,३०० होता. वर्षभरात ६९ रुपये वाढले, म्हणजे तीन टक्के. त्या ६९ रुपयांवर निवेदने झाली, भाषणे झाली, आणि देवरी-सालेकसाच्या पलीकडे छत्तीसगडात ३,१०० मिळतात यावर चौकाचौकात हळहळ झाली. इकडे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमची पट्टी काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट महाग झाली, त्यासाठी कुणीही तहसीलवर मोर्चा काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. मेमरीला हमीभाव नाही. विकणाऱ्याला खाली जमीन नाही आणि घेणाऱ्याला वर छप्पर नाही. नाके ओलांडून स्वस्त मिळेल असे पलीकडचे राज्यही नाही. भाव सगळीकडे तोच, गोंदियात काय नि बालाघाटात काय.

पाठ दुसरा: मेमरी दोन प्रकारची

हा पाठ लहान आहे, पण याच पाठात सर्वाधिक उमेदवार नापास होतात. लॅपटॉपमध्ये काम करताना लागणारी मेमरी म्हणजे रॅम. वीज गेली की ती सगळे विसरते. ती आठ, सोळा, बत्तीस जीबी अशी मिळते. दुसरी साठवणीची, म्हणजे एसएसडी. ती वीज गेल्यावरही लक्षात ठेवते आणि २५६, ५१२ अशी येते. रॅमच्या चिपला डीरॅम म्हणतात, साठवणीच्या चिपला नँड. दोन्हींचे भाव साधारण एकाच वाऱ्याने हलतात, पण एकसारखे नाही. "मेमरी ५१२ आहे," असे कुणी सांगितले तर त्याने तुम्हाला फक्त कोठाराचा आकार सांगितला आहे. आठ का सोळा, हे अजून सांगायचे बाकी आहे, आणि बहुतेक वेळा मुद्दामच बाकी आहे.

पाठ तिसरा: चिपचे पीक

चिप सिलिकॉनच्या बारा इंची चकतीवर तयार होते. चकती कारखान्यात शिरल्यापासून चिप तपासून, कापून, बांधून बाहेर पडायला तीन-चार महिने लागतात. पऱ्हे टाकल्यापासून चुरणा होईपर्यंत आपल्याला जेवढे लागतात, जवळपास तेवढेच. त्यामुळे आज भाव चढला म्हणून उद्या माल वाढवता येत नाही. आज रोवलेले तेव्हा निघेल, आणि तेव्हा भाव काय असेल हे कोरियातल्या साहेबालाही ठाऊक नसते.

एका चकतीतून किती चिपा चांगल्या निघाल्या, हा झाला उतारा. आपल्याकडे क्विंटलभर धानाला ६७ किलो तांदूळ द्यायचा असा सरकारी दंडक आहे, आणि तेवढा निघतच नाही, कणकीच जास्त पडते, हे राइस मिलवाले गेली कित्येक वर्षे कागदावर लिहून देत आहेत. चिपवाले असे काही लिहून देत नाहीत. त्यांचा उतारा हे त्यांचे सर्वांत मोठे गुपित असते. नवी जात आली की सुरुवातीला उतारा कमी असतो, हात बसला की वाढतो. तोपर्यंत भाव चढाच राहतो.

आणि शेती पावसावर अवलंबून, तशी ही विजेवर. जून २०१९ मध्ये जपानच्या योक्काइची गावी सुमारे तेरा मिनिटे वीज गेली. तिथे नँड चिपचा जगातला एक मोठा कारखाना आहे. तो पूर्ववत व्हायला महिनाभर लागला आणि चालू असलेल्या चकत्यांचे जे झाले ते झाले. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा असलेल्या आपल्या जिल्ह्यात तेरा मिनिटांना वीज जाणे म्हणत नाहीत, डोळा लागणे म्हणतात. पण परीक्षेत हे उत्तर लिहू नये.

पाठ चौथा: भाव का डोलतो

कारण सगळे एकदम रोवतात. भाव चांगला असला की प्रत्येक कंपनी नवा कारखाना काढते. कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात आणि उभा राहायला दोन-तीन वर्षे. तोवर इतरांचेही कारखाने उभे राहतात, आणि मग सगळ्यांचा माल एकाच हंगामात बाजारात येतो. भाव कोसळतो. कोसळला तरी कारखाना बंद ठेवता येत नाही, कारण खर्च सगळा आधीच बुडाला आहे. त्यामुळे तोट्यातही माल निघत राहतो आणि भाव आणखी कोसळतो. मग दुबळा मरतो. १९८५ मध्ये इंटेलने डीरॅमचा धंदा सोडला, जो तिनेच जोमाने वाढवला होता. जर्मनीची किमोंडा २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२ च्या फेब्रुवारीत. असे गळत गळत आज जगातल्या डीरॅमचा बहुतांश माल तीन घरांतून निघतो: कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. चिनी कंपन्या मागून येत आहेत, पण यार्डात बोली लावणारे मुख्य व्यापारी हे तीन.

तीनच व्यापारी असलेल्या यार्डात काय होऊ शकते, हे या जिल्ह्याला शिकवायला नको. तरी नोंद असावी म्हणून सांगतो. डीरॅमचे भाव संगनमताने ठरवल्याची कबुली देऊन सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. हायनिक्सने त्याच वर्षी साडेअठरा कोटींचा. म्हणजे ठिकाण वेगळे आणि टाय लावलेले, बाकी चहा पीत हळू आवाजात बोलणे तेच.

दुसरे कारण भीती. ४ जुलै १९९३ रोजी जपानच्या निईहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळे कवच चढवतात, त्याला लागणारी राळ तिथे बनत असे, आणि जगातली निम्म्याहून अधिक तिथूनच जाई. चिपची खरी टंचाई पडण्याआधीच मेमरीचे भाव भडकले. पाऊस लांबल्याची नुसती बातमी आली की किराणा दुकानातला तांदूळ जसा चढतो, तसे. पेरणी झाली की नाही, हे पाहायला बांधीवर कोण जातो?

तिसरे कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. मोठ्या लॅपटॉप कंपन्या चिप कराराने घेतात, महिन्या-तिमाहीचा भाव ठरवून. उरलेला थोडा माल खुल्या बाजारात रोजच्या भावाने विकला जातो. बातम्यांत येतो तो बहुधा खुल्या बाजाराचा भाव, आणि तो नेहमी जास्त उसळ्या मारतो. तुमच्या लॅपटॉपला लागू होतो तो कराराचा, जो मागून आणि जरा शहाण्यासारखा चालत येतो. उसळीची बातमी वाचून दुकानाकडे धावत सुटलेल्या उमेदवाराचे दोन गुण कापले जातील.

पाठ पाचवा: सध्याचा चढ

कोरोनात घराघरात लॅपटॉप घेतले गेले. मग २०२२ मध्ये सगळ्यांचे घेऊन झाले आणि गोदामे भरून राहिली. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगच्या चिप विभागाला तीन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि एप्रिलमध्ये कंपनीने उत्पादन कमी करत असल्याचे जाहीर केले. बांधी पडीक टाकल्या, असे समजा.

एवढ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे गिऱ्हाईक आले. त्याला साधी रॅम नको असते. त्याला एचबीएम नावाची, चिपांवर चिपा रचून केलेली महागडी मेमरी हवी असते, आणि तेवढ्याच जीबीसाठी तिला साधारण तिप्पट चकत्या खर्ची पडतात. बांधी त्याच, पण आता त्यांत दुसरेच पीक उभे आहे, ज्याला शहरातून मोटारीतून माणसे येऊन आगाऊ पैसे देऊन जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी बोलणी जाहीर केली, त्यात महिन्याला नऊ लाख चकत्यांपर्यंतची गरज सांगितली होती. डिसेंबरात मायक्रॉनने सांगून टाकले की किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशल' हा आपला जुना ब्रँड आपण बंद करतो आहोत. घाऊक गिऱ्हाईक दारात उभे असताना पायलीवाल्याला कोण मोजून देणार?

गंमत पुढे आहे. जुन्या डीडीआर-४ रॅमचे उत्पादन कंपन्या आवरते घेऊ लागल्या, आणि २०२५ च्या मध्यावर ही जुनी रॅम बाजारात काही काळ नव्या डीडीआर-५ पेक्षा महाग विकली गेली. जुना तांदूळ महाग का, हे आपल्याला कळते, कारण तो मोकळा शिजतो. जुन्या रॅमचा असा कोणताही गुण नोंदलेला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे चालती यंत्रे असणारेही नवीन घ्यायला निघाले. आणि ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेने रॅम पळवली, ती स्वतःच्या लॅपटॉपात चालवायची तर मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येनुसार किमान सोळा जीबी हवी. वरातीने मांडवातले सगळे जेवण संपवावे आणि मग घरधन्यालाच आहेर मागावा, त्यातला हा प्रकार.

पाठ सहावा: 'ऊपर'पासून गोंदियापर्यंत

आता हिशेब. समजा, एका लॅपटॉपात रॅम आणि एसएसडी मिळून पाच हजारांची होती, ती दहा हजारांची झाली. वाढ पाच हजारांची. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी, म्हणून आणखी नऊशे. झाले ५,९००, म्हणजे अडीच क्विंटल. यात देशाचा वितरक, नागपूरचा वितरक आणि इथला दुकानदार यांची टक्केवारी अजून धरली नाही. टक्केवारीचा स्वभाव असा की ती वाढलेल्या रकमेवरही वाढते. चिप डॉलरमध्ये घेतली जाते, आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पलीकडे गेला, ते वेगळेच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले तेव्हा टीव्ही स्वस्त झाला, लॅपटॉप अठरावरच राहिला. टीव्ही पाहण्याला उत्तेजन आहे.

भाव चढतो तेव्हा तो गोंदियाला विदर्भ एक्स्प्रेसने येतो, उतरतो तेव्हा पायी. दुकानातला माल जुन्या भावाने भरलेला असतो, पण चिठ्ठी नव्या भावाची लागते, कारण तो विकल्यावर नवा भरायचा आहे. चिपचा भाव उतरला की मात्र सगळ्यांना आठवते की हा माल महागात घेतला होता. उमेदवाराने इथे दुकानदारावर चिडू नये. त्याच्या हातात फारसे काही नसते, आणि लॅपटॉपवर न सुटणारा त्याचा नफा बॅग आणि माऊस विकून भरून निघतो, म्हणून तर तो त्या बॅगेचा एवढा आग्रह करतो. चिडायचेच असेल तर पाठ चार पुन्हा वाचावा.

साणंदला मायक्रॉनचा कारखाना आला, मग आपली चिप स्वस्त का नाही, असे काही हुशार उमेदवार विचारतात. तिथे चकतीवर चिप पिकवत नाहीत. बाहेरून आलेल्या चिपा तपासून बांधतात. धान परराज्यातला आणि भरडाई गोंदियाची, तर तांदळाचा भाव कोण ठरवेल, ते सांगा.

पाठ सातवा: प्रात्यक्षिक

हाच खरा पाठ. नीट वाचा.

चिप महाग झाली की लॅपटॉप दर वेळी महाग होत नाही. कंपन्यांना ठाऊक असते की पन्नास हजारांच्या पलीकडे गिऱ्हाईक पाय ठेवत नाही. मग पाटीवरचा आकडा तोच राहतो आणि आतली रॅम सोळाची आठ होते. एसएसडी ५१२ ची २५६ होते. कवच तेच, रंग तोच, नावही तेच, फक्त नावाच्या शेपटाला असलेल्या आठ-दहा इंग्रजी अक्षरांत एक अक्षर बदललेले. आपल्या भागात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या धानाला हातावरच्या घड्याळाचे नाव पडले, एचएमटी. तीन अक्षरे, आणि पोत्यात हात घातला की खरा-खोटा कळतो. लॅपटॉपच्या नावात हात घालून काही कळत नाही. म्हणून भाव विचारण्याआधी जीबी विचारा. गेल्या वर्षी चुलत भावाने एवढ्यातच घेतला, हे खरे असेल, पण त्याच्या पोत्यात किलो किती होते?

उलटही होते. २०२३ च्या मंदीत लॅपटॉपच्या पाट्या फारशा खाली आल्या नाहीत, पण त्याच पैशांत सोळा जीबी मिळणे सोपे झाले. तेव्हा ज्यांनी घेतले त्यांना भाव पडल्याचे कळलेसुद्धा नाही.

पुढचा प्रश्न: रॅम पाटावर झाळलेली आहे की खाचेत बसवलेली? पातळ, सुंदर, एका हाताने उचलता येणाऱ्या लॅपटॉपांत ती बहुधा झाळलेली असते. मग आठची सोळा कधीच होत नाही, तुमचा जावई कितीही मोठा इंजिनिअर असला तरी. जाड्याभरड्या लॅपटॉपांत अनेकदा एक खाच रिकामी असते. भाव चढे असताना असा लॅपटॉप घ्यावा, आठवर भागवावे, आणि भाव उतरल्यावर दुसरी पट्टी टाकावी. एवढी एक युक्ती कळली तरी या पुस्तिकेचे पैसे वसूल झाले. दुकानदार नेमका पातळाकडे बोट दाखवेल. "ये देखो, कितना हल्का है." त्याला सांगा, आमच्या घरी पन्नास किलोचे पोते उचलणारी माणसे आहेत.

रॅम स्वस्त झाली की आठ-दहा पट्ट्या घेऊन कोठीत टाकाव्या आणि चढल्यावर विकाव्या, असा विचार काही उमेदवारांच्या डोळ्यांत दिसतो आहे. रॅमला टोके लागत नाहीत, हे खरे. पण डीडीआर-३ साठवून बसलेल्याला आता ती कुठल्या नव्या यंत्रात बसत नाही. २०२५ मध्ये डीडीआर-४ वाल्याचे नशीब उघडले, म्हणून प्रत्येकाचे उघडेल असे नाही.

किती थांबावे? कॉलेज ऑगस्टात सुरू होणार असेल तर थांबू नये. तळ गाठलेला भाव कुणालाच घेता येत नाही, तो नंतर मागे वळून दिसतो. घरातला लॅपटॉप फक्त रांगत असेल, त्यात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी टाकून वर्ष-दोन वर्षे काढता येतात. चढ्या भावातही ते सर्वांत स्वस्तात पडते.

स्वाध्याय

१. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत चार हजारांचा फरक आहे. कारण लिहा. ('ऊपर' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.)

२. हमीभावात वर्षाला तीन टक्के वाढ आणि रॅम सहा महिन्यांत दुप्पट, असे दहा वर्षे चालले तर एका लॅपटॉपला किती एकर लागतील? सातबारा जोडा.

३. दुकानदार म्हणतो, "काकाजी, परसो आओगे तो दो हजार और बढ़ेगा." हे खरे की खोटे?

तिसऱ्याचे उत्तर इथेच देतो, कारण सगळे 'खोटे' लिहून येतात. २०२५ च्या हिवाळ्यात ते खरेही असू शकत होते. एरवी प्रत्येक हंगामात म्हटले जाणारे वाक्य एका हंगामात खरे ठरते, ही या विषयातली मुख्य पंचाईत आहे, आणि तिच्यावर उपाय नाही. अशा वेळी घाई करून होकार देऊ नका आणि रागावून उठूही नका. लॅपटॉप चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारा. उजवीकडे खाली किती जीबी आणि किती खाचा भरल्या ते दिसते. 'दोनपैकी एक' दिसले तर भावाचे बोलणे सुरू करा. पक्के बिल मागा, त्यावर यंत्राचा सिरीयल नंबर आणि रॅमचा आकडा लिहून घ्या. आणि बॅग फुकट मागा. ती ते देतात.